कायदा शांताला, मला न्हाई

आमी गोरेगावाकडच्या तांड्यावरचे, मी कमळी. माझ्या बापाचा आजा बैलांवर मीठ लादून गावोगाव हिंडायचा, पुढं एका सरकारानं आमच्या जातीला चोर ठरवलं, दुसऱ्या सरकारानं ते पुसलं, पण लोकांच्या तोंडातलं कोण पुसणार, काय सांगू तुमाला.

हिंगोलीला हळदीच्या गोदामात मी आन शांता सोबतच लागलो. शांता बौद्धवाड्यातली, माझ्या बाजूला बसून हळद निवडायची. पाण्याच्या माठाला हात लावायची तिला बंदी, आन सुट्टी झाली की झडती फकस्त आमा दोघींची. मुकादम दारात उभा राहायचा, पदर झटका म्हणायचा, ओचा सोडा म्हणायचा, बाकीच्या बाया खाली बघत निघून जायच्या. एक दिवस शांता म्हणली, घ्यायची तर समद्यांची घ्या, आमचीच काहून? तर तो समद्यांसमोर तिची जात काढून असं बोलला की ते मी जिभेवर घेणार न्हाई, आन माझ्याकडं बघून म्हणला, तू तर चोराच्याच पोटची. मी धावून गेले त्याच्या अंगावर, खोटं कशाला सांगू, बायांनी मला धरलं म्हणून वाचला. दोघींनाबी तिथंच कामावरून काढलं.

ठाण्यात गेलो. जमादार शांताला म्हणला, तुझी अट्रॉसिटी लागती, साक्षीदार हाय का? मंग मला जात इचारली, मी सांगितली, तर म्हणला, बाई, तू भटक्या-विमुक्तात, तुला हा कायदा न्हाई, तुझी साधी तक्रार लिवतो. म्या म्हणलं, साहेब, एकाच दारात, एकाच तोंडानं दोघींची जात काढली, मंग कायदा अर्ध्यात काहून थांबला? तिकडं तेलंगणात आमचीच जात आदिवासींच्या यादीत हाय, तिथल्या माझ्या मावशीला हा कायदा लागतो, सरहद्द वलांडली की रक्त बदलतं का? म्हणला, ते मला नको इचारू, दिल्लीला इचार.

मंग म्हणलं माझं ऱ्हाऊ द्या, हिची साक्षीदार मी, लिवा. तवापासून वैर. गोदामाच्या मालकानं तांड्यावर माणसं पाठवली, साक्ष फिरव, न्हाई तर तुमच्या एकाबी बाईला कुठंच काम लागू देणार न्हाई. आमच्या तांड्याचा नायक माझ्या दारात येऊन बसला, म्हणला, परक्या बाईपायी तांड्याच्या चुली काहून विझवती? म्या म्हणलं, नायक, चोराच्या पोटची म्हणला, ते तुमच्याबी याडीला लागलं, तुमच्या आईला. पटका सावरत उठून गेला. आता तांड्यावरच्या बाया मला बघून वाट बदलतात. बदला म्हणावं.

कोर्टात साक्ष दिली. मुकादमाचा वकील म्हणला, ही बाई रागापायी खोटं बोलून राहिली. म्या म्हणलं, राग हायच, व्हय, पण तो बोलला तेबी खरं हाय. गोदामातल्या बायांनी मात्र सांगितलं, आमी काई ऐकलंच न्हाई. समद्या जवळच उभ्या होत्या हो!

निकाल अजून लागला न्हाई. शांता भाजी विकती, मी लोकाच्या रानात निंदायला जाते, आन मुकादम त्याच दारात उभा हाय. लोक म्हणतात, कमळे, वय झालं तुझं, माफ कर त्याला, देव बघून घेईल. देवाला बघायचं ते बघू द्या. त्या मुकादमाचं भलं होवो असं माझ्या तोंडातून निघत न्हाई, निघणारबी न्हाई.