आवाज करणारी गाडी

फ्लोरिडातल्या त्या म्हाताऱ्यांच्या वसाहतीत किराणा आणायलाही गोल्फ कार्टनंच जायचं. आपली कार्ट दुरुस्त व्हायची वाट बघत व्हर्ना दुकानात बसली होती. मागच्या बाकावर एका नवराबायकोची नव्या कार्टवरून जुंपली होती.

“बॅटरीचीच घेऊ, मॅक्सीन. कशी गुपचूप पळते!”

“म्हणूनच नको. पेट्रोलची घे.”

“अगं, सकाळी खेळायला निघालो की अख्खी गल्ली शिव्या घालेल.”

“घालू दे. मला दिसत नाही, निदान ऐकू तरी येऊ दे.”

“माझ्यावर पहारा ठेवतेस?”

“आधीची गाडी घेऊन कधी सटकलास, पत्ता लागला नाही. तळ्यातून ओढून काढलं तुला, हार्लन.”

“मग घेतेस कशाला गाडी?”

“औषधं आणायला मी चालवू?”

“रूथला शाळेतून आणायला निघालो होतो, सांगितलं ना!”

“रूथला आपण पुरलं रे. कितीदा सांगू?”

व्हर्नानं मान वळवली नाही.

“बरं बाई, पेट्रोलची घे,” हार्लन म्हणाला. “पण आटप लवकर. पोरगी फाटकापाशी उभी असेल.”

“हो, आटपते,” मॅक्सीन म्हणाली, आणि तिनं विक्रेत्याला हाक मारली. “यातली सगळ्यात जास्त आवाज करणारी कुठली?”