तांबीच्या चपला

कशेळ्याला जीप भरायची वाट बघत मी चपलेचा अंगठा शिवून घेत होतो. तेवढ्यात वाडीवरचे एक म्हातारे मीठ लावलेलं शेळीचं कातडं घेऊन चपला शिवणाऱ्या महादूसमोर बसले.

“महादू, याच्या चपला शिव माझ्या नातीला. आमची तांबी गेली, साप डसला. नंदा दोन दिस जेवली नाय.”

“नवशाबाबा, हे कातडं हाय. चपलेला चामडं लागतं.”

“मग हे काय कापड हाय?”

“तसं नाय. कातडं आधी कमवावं लागतं.”

“कमवाया पोरगा जातो की, मोहोपाड्याच्या कंपनीत.”

“ते कमावणं येगळं, बाबा. हे चुन्यात घालायचं, केस काढायचे, मग झाडाच्या सालीच्या पाण्यात मुरत ठेवायचं. तवा त्याचं चामडं होतं. नायतर पावसात कुजंल नि उन्हात लाकूड होईल.”

“तांबीचा वास ऱ्हाईल का त्याला?”

“नाय. तो जातोच.”

“मग तिचं काय उरलं त्यात?”

“घरात ढोलकी हाय ना तुमच्या?”

“हाय. एका बाजूनं फाटलीय.”

“तिला लावा हे. ढोलकीला कातडंच लागतं. चामडं वाजत नाय, मुकं असतं.”

“मुकं?”

“पार मुकं.”

“मग नको रं चपला. नंदा शाळेतनं खालच्या वळणावर आली, की तांबी वरनं हाक द्यायची तिला.”