धुपाटणं जरा वर धरा

(माळेगाव बुद्रुकातल्या एका घराची गच्ची, दिवेलागणीची वेळ. खाली सोप्यात पाहुणे बसलेत. जिन्यात ऐकू जावं म्हणून जे मोठ्यानं बोललंय, त्याच्याआधी दोन रेघा.)

रेश्मा : वर. अजून वर. धुपाटणं हाय ते, बारशाचं बाळ न्हाय. छातीशी काय धरताय?

शंभूराज : चटका बसतोय.

रेश्मा : कडीला धरा की. मागचा पाहुणा एका हातात धुपाटणं धरून दुसऱ्या हातानं पापड खात होता.

शंभूराज : मागचा? म्हणजे तुम्ही प्रत्येकालाच...

रेश्मा : मग काय करू? आईचे गुडघे जिना चढू देत न्हाईत. भाऊ म्हणतो, मला लाज वाटती. घरात धूर धरायला माणूस मिळंना, आन् आबा मात्र चहापोहे खायला घालून एकेक धडधाकट माणूस वर पाठवत्यात, ‘जावा, दोघं मोकळं बोला’ म्हणून. वाया घालवू होय?

शंभूराज : मला वाटलं होतं, तुम्ही माझं शिक्षण, नोकरी असं काहीतरी विचाराल.

रेश्मा : विचारते ना. उजव्या हातात ताकद किती हाय?

दगडाबाई : रेश्मे! कसला गं वास येतोय जळका?

रेश्मा : —— डास लई झाल्यात, आत्या! पाहुण्यांना फोडून खात्यात!

शंभूराज : —— हो, फारच डास आहेत!

रेश्मा : जमतंय की तुम्हाला. —— तर तुमच्याकडं गाया किती म्हणालात?

शंभूराज : —— चार. आणि दोन कालवडी.

रेश्मा : —— अय्या, कालवडी पण! ... गेली खाली. चला, ऊद टाका थोडा.

शंभूराज : आत्या जिन्यातच बसल्यात का?

रेश्मा : बसवलीय. आबांनी. मागच्या वेळेला इथनं हिरवा उजेड दिसला आन् पाहुण्याची आई पोहे टाकून पळाली. आता हे बघा. ह्या पेटीत लेसर हाय, लाल, हिरवा, निळा. तो ह्या दोन आरशांवर पडतो. नखाएवढे आरसे, पण असे थरथरत्यात की एकच ठिपका पळून पळून अख्खं फूल काढतो. आपल्याला वाटतं फूल हाय. हाय तो एकटा ठिपका, नुसती धावपळ.

शंभूराज : थोरल्या सुनेसारखं झालं.

रेश्मा : व्हय! हे बरं बोललात.

शंभूराज : आणि धूर?

रेश्मा : धुराशिवाय रेघ दिसतच न्हाय हवेत. पेटी आली तवा मला कुठं ठाऊक? घरात लावली, तर भिंतीवर ठिपका आन् मधी काहीच न्हाय. म्हटलं फसवलं. विकणाऱ्याला फोन करून पार त्याच्या आज्यापर्यंत पोचले. तेवढ्यात आई संध्याकाळचा ऊद घेऊन फिरली, आन् फडताळापासनं देव्हाऱ्यापर्यंत हिरवी तार ताणली जशी!

शंभूराज : आई काय म्हणाल्या?

रेश्मा : तिनं हळदकुंकू वाहिलं. मागनं कळलं लेसर हाय, मग दिवाळीपर्यंत माझ्याशी बोलली न्हाय.

शंभूराज : आणि हे सगळं कशासाठी चाललंय?

रेश्मा : शनिवारी शाळेचं गॅदरिंग हाय. मी शिकले तीच शाळा. बाईंनी मला पंधरा मिनिटं दिल्यात. आयुष्यातला पहिला शो. पण त्याच्या आधी तुमी आलात.

शंभूराज : मी काय केलं?

रेश्मा : आबांनी हुकूम काढलाय. ह्या पाहुण्याला न्हाय म्हणायचं असंल तर धड कारण दे. ‘आवडला न्हाय’ चालायचं न्हाय, ‘नाक बसकं हाय’ चालायचं न्हाय, हे सगळं माझं वापरून झालंय. कारण न्हाय दिलं, तर पेटी उद्या विकायला. त्यांचं म्हणणं, ह्या पेटीनंच पोरगी बिघडली.

शंभूराज : म्हणजे मला नाही म्हणायचं आधीच ठरलंय.

रेश्मा : तुमच्यावर राग न्हाय हो. मला लग्नच नकोय आत्ता. म्हणून म्हणते, तुमीच एखादं कारण द्या. तंबाखू?

शंभूराज : सुपारीही खात नाही.

रेश्मा : दारू? पत्ते?

शंभूराज : नाही.

रेश्मा : अरारा. घोरता तरी का?

शंभूराज : माहीत नाही. झोपलेला असतो.

रेश्मा : काय उपयोग तुमचा! बरं, धुपाटणं ठेवा तिथं कठड्यावर. आता बटणाशी उभं राहायचं. पेटीच्या तोंडाकडं बघायचं न्हाय, डोळा जातो. आन् रेघ आभाळाकडं जाऊ द्यायची न्हाय, बारामतीची विमानं शिकणारी पोरं असत्यात वर. फूल पडंल ते दोरीवरच्या चादरीवर. ही दोन बटणं, पाण्याच्या मोटरच्या स्टार्टरची. मीच बसवल्यात. हिरवं दाबलं की पूर्ण जोरात सुरू, लाल दाबलं की सगळं बंद. आत्ता बारीक चालू हाय. मी चादर ताणते. ओरडले की बंद करा.

शंभूराज : बरं.

रेश्मा : बघा, बघा, पाकळ्या आल्या! ... वारं सुटलं. चादर, चादर उडाली! बंद करा!

शंभूराज : दाबलं!

रेश्मा : अहो हिरवं दाबलंत! वाढलं! लाल! लाल!

शंभूराज : कुठलं लाल?

रेश्मा : वरचं! अगं बाई, शेजारच्या तात्यांच्या वाळत घातलेल्या धोतरावर सूर्यफूल फुललं! वरचं, वरचं!

शंभूराज : झालं. बंद झालं.

दगडाबाई : रेश्मे! वीज चमकली का गं?

रेश्मा : —— फोटो काढला, आत्या! फ्लॅश पडला!

दगडाबाई : हिरवा?

रेश्मा : —— पाहुण्यांचा मोबाइल महागाचा हाय!

शंभूराज : —— हो, नवीन आहे!

रेश्मा : गेली. काय हो, बागायतदाराचं पोरगं तुमी आन् स्टार्टरचं बटण कळंना?

शंभूराज : स्टार्टरला हिरवं वर असतं. लाल खाली.

रेश्मा : असतं की.

शंभूराज : तुमचं उलटं बसलंय.

रेश्मा : बसलं असंल. पण रंग तर दिसतोय ना समोर?

शंभूराज : न्हाय दिसत.

रेश्मा : काय न्हाय दिसत?

शंभूराज : लाल-हिरव्यातला फरक. मला दोन्ही सारखंच, मातकट. सिग्नलला बी मी वरचा का खालचा एवढंच बघतो.

रेश्मा : आता कसं तुमच्या निमगावचं बोललात. इतका वेळ बातम्या वाचत होता. ... खरं सांगताय?

शंभूराज : रेल्वेच्या भरतीत तिथंच बाहेर पडलो. गावात सांगितलं, पळण्यात कमी पडलो.

रेश्मा : आन् तुमची डाळिंबाची बाग हाय ना? तोडणीला काय करता?

शंभूराज : वाजवून बघतो. पिकलेलं टणटण बोलतं, आन् अंगाला कोपरं येत्यात. एका वर्षी नुसतं बघून तोडली, सगळी कच्ची. तवापासनं वाजवतो. अप्पांना वाटतं, आपलं पोरगं लई चोखंदळ हाय.

रेश्मा : वडलांना बी ठाऊक न्हाय?

शंभूराज : आईला तेवढं ठाऊक. ती म्हणती, अक्षता पडंपर्यंत तोंड उघडायचं न्हाय. आधीच शेतकऱ्याला पोरी मिळंनात, त्यात डोळ्याचं कळलं तर दारात कोण उभं करील? ... बरं झालं म्हणा. घ्या.

रेश्मा : काय घ्या?

शंभूराज : कारण. धड कारण पाहिजे होतं ना? सांगा आबांना, मुलाच्या डोळ्यात दोष हाय आन् घरच्यांनी लपवला. ह्याच्यापुढं कुणाचा आबा काय बोलणार? पेटी वाचली तुमची.

रेश्मा : आन् तुमी?

शंभूराज : माझं काय. आईचं खोटं बोलणं तरी थांबंल.

रेश्मा : आमची आत्या म्हणजे ग्रामपंचायतीचा भोंगा हाय. ती एस्टीत बसली की बातमी तिच्या आधी तुमच्या इंदापूरला उतरती. अप्पांना ती बाजारात कळंल, दुसऱ्या कुणाच्या तोंडून.

शंभूराज : कळंल.

रेश्मा : मग असं कसं देताय?

शंभूराज : तुमीच मागितलं की.

दगडाबाई : बया बया, हा जिना हाय का जेजुरीचा गड! झालं का गं बोलून? दादा विचारतोय, व्हय का न्हाय. आन् न्हाय असंल तर कारण मला इथंच सांग, तुझ्या तोंडून ऐकून ये म्हणालाय. ही चादर कुणी पाडली?

रेश्मा : वाऱ्यानं. आत्या, आबांना सांग...

दगडाबाई : मोठ्यानं बोल, डाव्या कानानं ऐकू येत न्हाय.

रेश्मा : आबांना सांग, एका भेटीत कळत न्हाय. पाहुण्यांना अजून एकदा बोलवा.

दगडाबाई : आँ? न्हाय म्हणत न्हाईस?

रेश्मा : न्हाय म्हणत न्हाय.

दगडाबाई : म्हंजे व्हय?

रेश्मा : व्हय बी म्हणत न्हाय.

दगडाबाई : अगं मग मी खाली जाऊन काय सांगू? ह्यांच्या आईच्या चहाचा तिसरा कप चाललाय.

रेश्मा : पुढच्या आठवड्यात या म्हणावं. शनिवार सोडून.

दगडाबाई : पावणं, तुमी काय केलंत ओ? आत्तापर्यंत सगळ्यांना हिनं गच्चीवरनंच परत लावलंय.

शंभूराज : काही नाही. धूर धरला.

दगडाबाई : कसला धूर?

रेश्मा : डासांचा! जा की आत्या, आबा वाट बघत्यात.

दगडाबाई : जाते बाई. साखर आणू का तोंड गोड करायला?

रेश्मा : आत्या!

दगडाबाई : गेले, गेले.

शंभूराज : ... पेटीसाठी केलंत ना हे?

रेश्मा : तुमी हुशार असाल असं वाटलं नव्हतं मला.

शंभूराज : आन् पुढच्या आठवड्यात?

रेश्मा : पुढच्या आठवड्यात काय ते धुपाटणं धरणाऱ्यानं ठरवावं. यायचं का न्हाय. निळा दिसतो का तुम्हाला?

शंभूराज : निळा दिसतो. निळा चांगला दिसतो.

रेश्मा : मग थांबा जरा. शनिवारचं फूल मी लाल-हिरव्यात केलंय सगळं. निळ्यात करून बघते. शाळेत तुमच्यासारखी अजून पोरं असतील.

शंभूराज : असतील. सांगत नसतील.