चार दिवसांची पैज

काबोर्काच्या बसथांब्यावर रेमेदियोसच्या मागच्या बाकावर धुळीने माखलेलं साठीचं एक जोडपं वाद घालत होतं. तिने मान न वळवता कान टवकारले.

"वाळवंटात बेडूक दाखवलास तर लग्न करीन, असं ठरलं होतं, एलादियो."

"कासव दाखवलं, फर्मिना. खुळखुळ्या साप दाखवला. अकरा सरडे दाखवले."

"सरड्यांचं ठरलं नव्हतं."

"पहिल्या दिवशी चार थेंब पडले. तेवढ्यावर बेडूक वाळूतून वर येतात थोडेच?"

"एक आला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या बुटात बसला होता."

"मग बोलली का नाहीस?"

"तू तिथूनच घरी फिरला असतास. मला उरलेले तीन दिवस तुझ्याबरोबर चालायचं होतं."

रेमेदियोसची बस आली. पण ती बाकावरून उठली नाही.

"म्हणजे मी जिंकलो?"

"जिंकलास. आता माझी पिशवी उचल."