लडाख फिरलेली जीप

— नाय नाय साहेब, लोहचुंबक लावा, बिनधास्त लावा, चारी दरवाजांना लावा. चिकटलं? चिकटनारच. आत पुट्टी भरलेली असती तर पडलं असतं खाली. ही गाडी कुटं ठोकलेली नाय, कुटं घासलेली नाय, करावे गावात कोनालापन विचारा वामन म्हात्रेची जीप — आख्खा गाव सांगेल, लडाखला जाऊन आली. तुमी नेरूळवरून आलात, हातात ती टॉर्च काय, तो गाडीखाली बगायचा आरसा काय, डाक्टरपन एवढं तपासत नाय. तपासा. माज्या मनात काय नाय, म्हनून तर खुर्ची टाकून बसलोय. फक्त रविवारच्या आत गाडी न्यायची, एवढीच अट. का म्हंजे? असंच. रविवारी अभयशेट येनार — माजे व्याही, आमच्या उन्नतीचे सासरे — ते सोडा, तुमच्या कामाचं नाय ते.

पेडलचं रबर? काय झालं रबराला — नवीन दिसतंय? मीटर बासष्ट हजार दाखवतो आनि रबर झिजलेलं नाय. बरोबर, नजर चांगली हाय तुमची. माजा पाय हलका हाय साहेब. आमच्या घरात सगळ्यांचेच पाय हलके. स्टिअरिंगपन झिजलं नाय? हातपन हलका. आनि तो खालचा चिखल बगताय ना, तो लडाखचा, ओरिजिनल — खरवडू नका — काय निघालं? हां. चिंबोरीचा, म्हंजे खेकड्याचा पाय. आता लडाखला चिंबोऱ्या नसतात असं तुमाला कोन बोललं? तुमी गेलाय? नाय ना? मीपन ना — म्हंजे मी गेलोय, पन असं वाकून बगितलं नाय. सीटखाली वास येतो तो सुक्या बोंबलाचा. लांबच्या प्रवासाला जेवन लागतं का नाय लागत?

काय बोल्लात? खाऱ्या पान्यात बुडालेली गाडी? ओ साहेब, थांबा, जाऊ नका. बुडालेली नका बोलू, एवढं कोनी ऐकलं तर रविवारपर्यंत दुसरं गिऱ्हाईक नाय मिळनार. आत बसा. दरवाजा लावून घ्या. काचपन. सांगतो. गाडी बुडाली नाय. चिखल मी लावला. खाडीतून दोन बादल्या आनल्या आनि चुना मारायच्या ब्रशनं मारला. आत कसा गेला? माजेच पाय चिखलाचे, तसाच फोटोला बसलो.

हसू नका, मला हसू नाय येत. गाडी घेतली तेवा वाटलं जंगलात घालू, डोंगरावर घालू. पन आमची हयात गेली मिठागरात आनि भातशेतात — इकडं चढ कुटं हाय? सगळं सपाट. बैलगाडी हाकली, होडी हाकली, चढ कदी बगितलाच नाय. पयल्याच दिवशी मॉलच्या पार्किंगला नेली — नाक वर गेलं, समोर रस्ताच दिसंना, नुसतं छप्पर — मी हँडब्रेक ओढला, डोळे मिटले आनि बसलो. मागं अकरा गाड्या. शेवटी तिकडच्या सिक्युरिटीवाल्या बाईनं रिव्हर्सला उतरवून दिली. देवासारखी बाई. तेवापासून गाडी घर ते देऊळ, देऊळ ते घर. सहा वर्षांत तीन हजार किलोमीटर. पारावरची मान्सं बोलायला लागली — वामनशेटनं गाडी चालवायला घेतली का पुजायला? लई लागलं साहेब. या वयात लागतं. मग एक दिवस रागात बोल्लो, चाललो लडाखला. बोललो ते बोललो, गावानं खरं धरलं, हार घातले, बेंजो लावला. आता मागं कसं फिरनार? मोरा बंदराला माजी बहीन हाय, गोजरा. तिच्या सुक्या मासळीच्या शेडमदी गाडी घातली, वरून जाळं टाकलं आनि पंधरा दिवस आत बसून जेवलो. येताना मिथुन मेकॅनिककडं गेलो, बोल्लो मीटर वाढव. तो माज्या तोंडाकडंच बगत राहिला — शेट, लोक मीटर कमी करायला येतात, वाढवायला येनारे तुमी पयले. तीन हजाराचे बासष्ट केले. लडाख एवढं लांब नाय, हे मला मागून कळलं.

आता अभयशेट काय बोलतात — व्याही, तुमी रस्ता बगितलाय, रविवारीच लडाखला निघू, तुमी पुढं, आमी मागं. उन्नतीच्या सासरच्या चार गाड्या माज्या मागं लागनार आनि मी पयल्या चढावर डोळे मिटून बसनार. पोरीनं तोंड कुटं लपवायचं? म्हनून विकतोय. गाडी नाय तर जानं नाय. आनि तुमाला काय मिळतंय ते बगा — नवी कोरी गाडी. मीटर खोटा हाय, पन तुमच्या फायद्याचा खोटा. आत्ता मिथुनकडं जाऊ, परत तीन हजार करून घेऊ.

नको? का नको? बासष्टच राहू दे? — चिखलपन? ऑफिसमदल्या लोकांना काय सांगनार? — तुमी स्वतः — एकट्यानं चालवत — थांबा, थांबा. म्हंजे लडाखला तुमी गेलात? साहेब, एवढी शिकलेली मान्सं तुमी, आनि एवढं खोटं? त्या शेडमदी उंदरांबरोबर झोपलो मी, अजून नाकातनं बोंबलाचा वास जात नाय माज्या, आनि जाऊन आले तुमी? नाय. गाडी मिळेल, लडाख नाय मिळनार. जास्ती द्याल तरी नाय. खोट्या मान्साला वामन म्हात्रे गाडी देत नाय. रविवारचं रविवारी बगीन मी. उतरा. दरवाजा हळू लावा.

— आनि ओ साहेब, जाता जाता एवढं सांगून जा. लडाखला जायला इकडनं पनवेलवरून वळायचं का ठान्यावरून?