तिसरी कॉफी

सकाळी पाच एकेचाळीस. मॅरेथॉन सहाला सुटणार होती. शौचालयाच्या रांगेत माझ्या पुढे एक दाजी आणि त्यांची मेव्हणी होती, दोघांच्याही छातीवर नंबर.

"दाजी, एरवी कॉफी घेतली की वीस मिनिटांत मोकळे होता ना?"

"एरवी होतो. आज तीनला घेतली, काही नाही. चारला घेतली, तरी शुकशुकाट."

"मग?"

"मग पाचला अजून एक घेतली."

"अरे देवा! आणि आता?"

"आता तिघी एकदम आल्यात."

"दम धरा. पुढे चारच जण आहेत."

"हसवू नकोस गं! हसलो तर संपलंच."

"मी कुठे हसतेय?" रांग सरकत सरकत पुढे एकच जण उरला. "ताईने विचारलंय, झाली का म्हणून. घरच्या ग्रुपवर सगळे वाट बघतायत."

"कशाची? शर्यतीची ना?"

"नाही हो, आधी ह्याची. तुमच्या सासूबाईंनी अंगठासुद्धा पाठवलाय."

"सासूबाईंनी? अगं, मी तोंड कसं... दार उघडलं! बाटली धर!"

सहाला बंदूक वाजली. सहा वाजून चार मिनिटांनी ते दार बंदच होतं आणि बाहेर मेव्हणी फोनवर सांगत होती, "हो ताई, सगळे पळाले. दाजी अजून बसलेत."