आटगावच्या कोंडूला मुरबाडास देण्याबाबत

जबाब देणाराचे नाव : कोंडू धर्मा वेखंडे. वय : अंदाजे ४२ वर्षे. धंदा : भातशेती; दिवाळीनंतर गवताच्या वखारीत गाठी बांधण्याचे काम. राहणार : आटगाव, तालुका शहापूर, जिल्हा ठाणे. तारीख : १५ फेब्रुवारी १९४४. ठिकाण : शहापूर पोलीस ठाणे.

मला समक्ष विचारण्यात आले त्यावरून सांगतो की, मी वरील ठिकाणी बायको भागीरथी हिच्यासह राहतो. तरुणपणी मी सात वर्षे इगतपुरीस रेल्वेत इंजिने धुण्याच्या कामावर होतो. तेथे मी फुटबॉल शिकलो. माझ्याच गावचा सावळाराम निमसे त्याच कामावर माझ्याबरोबर होता. गावी परत आल्यावर आम्ही दोघांनी आटगावची टीम काढली, त्याला अठरा वर्षे झाली. सावळाराम कप्तान आहे. मी मागे बॅकला खेळतो.

गेल्या मार्गशीर्षात आमच्या चेंडूतला रबरी ब्लॅडर फाटला. लढाईमुळे नवा मिळत नाही. कल्याणास व मुंबईस माणूस पाठवून पाहिला. त्यानंतर आम्ही कातड्यात चिंध्या भरून खेळत आलो, पण तो चेंडू उसळत नाही.

मुरबाडची टीम तेथील लाकडाच्या वखारीचे शेठ चालवतात. त्यांच्याकडे दोन नवे चेंडू आहेत. शेठनी सावळारामकडे निरोप पाठविला की, कोंडूला आमच्याकडून खेळायला द्या, त्याला वखारीत काम व राहण्यास खोली देऊ आणि आटगावास एक नवा चेंडू देऊ. हा निरोप मला कोणी कळविला नाही. भागीरथीला तो विहिरीवर कळला व तिने मला सांगितला. ती म्हणाली, "जायाचं तर दोघं जाऊ. पण माज्या कोंबड्या त्या खोलीत मावतील का ते इचारा." त्या दिवशी भाकरी करपली होती.

रविवार तारीख १३ रोजी दुपारी चारच्या सुमारास गवताच्या वखारीत या गोष्टीचा विचार करण्यासाठी चाळीसएक माणसे जमली. त्यांतली खेळणारी बारा-तेरा, बाकी खेळ बघणारी. मुरबाडचा चंदर नावाचा बावीस वर्षांचा खेळाडू नवा चेंडू दाखविण्यासाठी घेऊन आला होता. मला बोलावणे नव्हते. मी गाठींच्या थप्पीमागे होतो. लपलो नव्हतो. माझी दोरी तेथे राहिली होती ती घेण्यास गेलो होतो. दोरी मिळाल्यावर लगेच का निघालो नाही असे विचारले असता, त्याचे कारण मला सांगता येत नाही.

पहिल्याने सावळाराम बोलला. "बॉल नाय तर टीम नाय. पोरं चिंध्या लाथाडून कंटाळली. दोघं तर यायचेच बंद झाले."

त्यावर जयराम हरड बोलला. हा स्टेशनावर हमाली करतो. स्वतः खेळत नाही, पण एकही मॅच चुकवीत नाही. तो म्हणाला, "माणूस देऊन बॉल घ्यायचा? उद्या हवा भरायचा पंप पायजे झाला तर कोणाला देशील, मला?"

सावळाराम म्हणाला, "तुला कोण घेतो? तू नुसता ओरडतोस."

"मंग ओरडायला माणूस नको?"

लोक हसले. धोंडूबाईचा चांगो, जो वयाने सर्वांत वडील होता, म्हणाला की, "कोंडू मागं उभा हाय म्हणून आमी निवांत बिडी ओढतो. तो गेला तर सगळा वेळ उभंच ऱ्हायचं का आमी?" दुसऱ्या काहींचे म्हणणे पडले की, चेंडू घ्यावा, तरुण माणूस बॅकला उभा करावा. असे म्हणणारे आठ-नऊ होते. त्यांची नावे मला माहीत आहेत. ती सांगण्याची माझी इच्छा नाही. ते भले लोक आहेत.

मग सावळाराम मोठ्याने म्हणाला, "त्याचा उजवा गुडघा गेलाय, जयराम. आणखी एक साल, फार तर दोन. मंग त्याला कोण इचारील? तिकडं बसून काम मिळल, पक्की खोली मिळल. मी काय त्याचा वैरी हाय?"

गुडघ्याची गोष्ट खरी आहे. ती मी सावळारामशिवाय कोणाला सांगितली नव्हती.

यानंतर जयरामने "देणार नाय!" असे ओरडण्यास सुरुवात केली आणि बाकीच्यांनी ते उचलले. चेंडू घ्या म्हणणाऱ्यांपैकीही काही ओरडले. स्टेशनावर गाडीची वाट पाहणाऱ्या कोणा गृहस्थांनी ते ऐकून, सरकारला सक्तीच्या लेव्हीचे भात देणार नाही अशा घोषणा चालल्या आहेत असे ठाण्यास कळविले, हे मला आज समजले. भाताचे नाव कोणी काढले नव्हते. माझे लेव्हीचे भात मी पौषातच घातले आहे. त्या घोषणा माझ्याबद्दल होत्या. त्या किती वेळ चालल्या हे मला सांगता येत नाही. गवताची कुसळे माझ्या डोळ्यांत गेली होती.

नंतर मी थप्पीमागून पुढे आलो. घोषणा थांबल्या. मी चंदरला सांगितले की, गुडघ्याचे आता तू ऐकलेच आहेस, तुझ्या शेठना फसवून मला कोठे जायचे नाही.

चंदर म्हणाला, "ठाऊक हाय, मामा. गेल्या साली मॅच झाल्यावर तुमी गाडीत कसे चढलात ते आमी बघितलं. शेठ म्हणाले, त्याचे पाय नकोत, डोकं पायजे. कुणी कुठं उभं ऱ्हायचं ते सांगणारा आमच्यात कोण नाय."

मग जयराम म्हणाला, "कोंडूदादा, तुला काय पायजे ते तर सांग."

तोपर्यंत हे मला कोणी विचारले नव्हते. मी सांगितले की, मला आटगावातच खेळायचे आहे, चिंध्यांचा चेंडू चालेल. सावळाराम गाठीवर बसला. त्याने पागोटे सोडून पुन्हा बांधले. ते नीटच बांधलेले होते.

चंदर चेंडू काखेत घेऊन निघाला व शेठना काय सांगू असे विचारू लागला. जयराम म्हणाला, "सांग, आटगाववाले इचार करतायत. पण बॉल कसा हाय ते खेळल्याबिगर कळायचं कसं?" म्हणून शेजारच्या कापणी झालेल्या खाचरात खेळ झाला. एकेका बाजूस वीस-वीस माणसे होती. चांगोही होता. स्टेशनावरच्या गृहस्थांना दुसऱ्यांदा जो आरडाओरडा ऐकू आला तो या खेळाचा. चंदरने तीन वेळा मला चुकवून जाण्याचा प्रयत्न केला. दोन वेळा गेला नाही. तिसऱ्यांदा गेला, तेव्हा मी खेळ थांबवून, मी कुठे चुकलो आणि मला त्याला तेथे कसे अडविता आले असते, हे त्याला व आमच्या तरुण मुलांना उभे करून दाखविले. दिवस मावळेपर्यंत खेळ चालला. मारामारी झाली नाही. कोणाचे नुकसान झाले नाही. चेंडू चांगला आहे. चंदर तो परत घेऊन गेला.

जाताना असे बोलणे झाले की, येत्या रविवारी मुरबाडच्या टीमने आटगावास यावे, चेंडू त्यांनी आणावा, आधी मी त्यांना शिकवावे आणि मग मॅच व्हावी. शेठचा होकार यायचा आहे. त्या दिवशी गर्दी होईल. जमावासाठी परवानगी लागते हे फौजदारसाहेबांनी मला आज समजावून सांगितले. तसा अर्ज या जबाबाबरोबर देत आहे.

आज सकाळी मी आटगावहून येथे पायी आलो. सावळाराम माझ्यामागून बैलगाडी घेऊन आला व ठाण्याबाहेर पिंपळाखाली बैल सोडून बसला आहे. मी त्याला बोलावले नव्हते. रविवारपासून आमचे बोलणे झालेले नाही. परत जाताना मी त्याच्या गाडीतून जाणार आहे.

हा मजकूर हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखविला. मी बोललो तसाच लिहिलेला आहे. फक्त एके ठिकाणी 'बॅकला खेळत असे' असे लिहिले गेले होते, ते माझ्या सांगण्यावरून खोडून 'खेळतो' असे केले. आता बरोबर आहे.

सही : कोंडू धर्मा वेखंडे